बाई, रमिलाच्या कागदाचं काय करू?

बाई, तुम्ही गेल्याचा फोन आला तेव्हा मी तुमच्याशीच भांडत होते. मनातल्या मनात. तलासरीच्या ऑफिसात बसून महिन्याचा अहवाल भरत होते आणि भरता भरता रविवारी वाढवणला तुमच्या घरी आल्यावर तुम्हाला काय काय ऐकवायचं याची तयारी चालली होती. या वेळी तुम्हाला निरुत्तर करायचंच, असं ठरवलं होतं. दोन मुद्दे तर मी अहवालाच्या पाठीमागे पेन्सिलीने लिहूनही ठेवले होते. तेवढ्यात तुमच्या भाच्याचा फोन. "मावशी गेली, ताई. सकाळी चहा घेतला, पडते जरा म्हणाली, आणि गेली." मला आधी रडू आलं नाही, राग आला. भांडण असं अर्ध्यावर टाकून कुणी जातं का?

तेराव्याला आले होते मी. तुमच्या ओट्यावर कडेला बसले, पानावर वाढलं ते खाल्लं. कोणी म्हणत होतं बाई किती शिस्तीच्या, कोणी म्हणत होतं तीस वर्षं त्या आडवळणाच्या पाड्यावर काढली, तलासरीत खोली करून राहिल्या, बदली मागितली नाही. एक बाई तर म्हणाल्या, "स्वभावाने किती शांत!" तुमच्या शांत स्वभावाचा प्रसाद मी पाच वर्षं खाल्लाय. सगळे तुमच्याबद्दल चांगलं बोलत होते आणि ते खरंही होतं, पण रमिलाचं नाव कुणीच घेतलं नाही. घेणार तरी कसं? ते भांडण आपल्या दोघींचं होतं. आता ते माझ्या एकटीच्या गळ्यात पडलंय.

तुम्हाला आठवतं, मी पहिल्यांदा तुमच्या शाळेत आले तो दिवस? २०१४ चा पावसाळा. मी विशेष शिक्षक म्हणून नवीनच लागले होते. अकरा महिन्यांचं कंत्राट, खांद्याला झोळी, झोळीत रंगीत ठोकळे आणि चित्रांची कार्डं, आणि डोक्यात नुकत्याच झालेल्या शिक्षणाची हवा. माझं काम असं, की शाळाशाळांतून फिरायचं, ज्यांना शिकायला अडचण येते ती मुलं शोधायची, यादी करायची, तपासणीला न्यायची आणि मग त्यांना शिकवायचं. तुमच्याकडे त्या दिवशी चाचणी होती. झरीच्या पुढच्या पाड्यावरची ती दोन खोल्यांची शाळा, आणि व्हरांड्यात मुलं तीन ओळींत बसलेली. एका ओळीतली लिहीत होती. दुसरीतली एकेक करून तुमच्याजवळ येत होती, उत्तर तोंडी सांगत होती, आणि तुम्ही ते त्यांच्याच शब्दांत त्यांच्या पेपरवर उतरवून घेत होतात. तिसरीतली चिंचोके, काड्या, खडे मांडून उत्तर करून दाखवत होती.

मी विचारलं, "बाई, यातली माझी कुठली?"

तुम्ही चष्म्यावरून बघितलंत. "तुमची म्हणजे?"

"म्हणजे… ज्यांना अडचण आहे ती."

"ओळखा की. तुम्ही तेच शिकून आलात ना?"

मोठ्या रुबाबात मी तोंडी उत्तर देणाऱ्या ओळीतल्या एका मुलीवर बोट ठेवलं. तुम्ही हसलात, आणि तुमच्याबरोबर सगळा व्हरांडा हसला. वर्गातलं सगळ्यात सुंदर अक्षर त्याच मुलीचं होतं. तुमचा नियम होता की प्रत्येकाने वर्षात एक चाचणी सांगून द्यायची, एक करून द्यायची, मग हुशार असो की नसो. कुठली ओळ कुणाची हे मुलांनाही कळता कामा नये. ज्या मुलीवर मी बोट ठेवायला हवं होतं ती करून दाखवणाऱ्या ओळीत, चिंचोक्यांचे तीन सारखे वाटे कसे करायचे ते शेजारच्या दोघांना ओरडून समजावत होती. ती रमिला. पाचवीतली. तिला जोडाक्षर सोडाच, आज ओळखलेला 'ध' उद्या ओळखता येत नव्हता. धडा मात्र एकदा कानावर पडला की तिचा झाला.

महिन्याभरात तुम्ही मला अगं-तुगं करायला लागलात. डब्यात माझ्यासाठी जवळा आणायचात. घरच्या वाडीतले चिकू आणायचात, ते मुलांना द्यायला गेलात की मुलं तोंड फिरवायची. त्यांचे आईबाप दिवसभर डहाणूच्या वाड्यांत तेच उतरवायला जात, मुलांना त्या वासाचाही कंटाळा. "नको बाय, चिकूचं नाव नको," असं रमिला एकदा हात जोडून म्हणाली होती. मग ते सगळे चिकू मी घरी न्यायची. अजूनही मला चिकू दिसला की तुमची पिशवी आठवते, आणि परवा बाजारात चिकूच्या हातगाडीसमोर उभी राहून मी रडले. गाडीवाली म्हणाली, काय झालं ताई? मी म्हटलं, डोळ्यात काही गेलं.

पण तेव्हा तुमच्या तीन ओळी मला पटल्या नव्हत्या, हे मी तुमच्यापासून कधी लपवलं नाही. मला वाटायचं, हे सगळं प्रेमाने चाललंय, पण शास्त्राने नाही. मी म्हणायची, रमिलाला तपासायला हवं.

"तपासून काय करशील?"

"बुद्ध्यांक कळेल. बुद्धी सरासरीएवढी निघाली आणि तरी वाचता येत नसेल, तर अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र मिळेल. परीक्षेला जास्त वेळ मिळेल, ती सांगेल ते लिहायला लेखनिक मिळेल."

"आणि बुद्धी तुझ्या सरासरीएवढी नाही निघाली तर? मग तिला वाचता येत नसलं तरी चालेल?"

मी म्हटलं, "नियम आहे, बाई."

"तहानलेल्याला पाणी द्यायच्या आधी तू त्याची उंची मोजतेस," तुम्ही म्हणालात आणि फळ्याकडे वळलात. मला फार लागलं होतं ते. त्या दिवशी मी तुमच्या डब्यातला जवळा खाल्ला नाही. तुमच्या लक्षातही आलं नसेल, किंवा आलं असेल.

दोन वर्षं रमिला तुमच्या तीन ओळींतून हिंडत राहिली. तुम्ही तिला इतिहास वाचून दाखवायचात आणि ती तो वारलीत करून धाकट्यांना सांगायची. सातवीत गेली तशी मला धास्ती वाटायला लागली. तुमची शाळा सातवीपर्यंतच. पुढे हायस्कूल, तिथे तीन ओळी नाहीत, तिथे एकच ओळ. मी तुमच्या मागे लागून तिला मोठ्या हॉस्पिटलात तपासणीला नेलं. तुम्ही आला नाहीत. "तुझं तू बघ," म्हणालात.

त्या खोलीत काय झालं ते मी तुम्हाला कधी नीट सांगितलं नाही. तपासणाऱ्या बाई वाईट नव्हत्या. त्यांनी शब्दांचे अर्थ विचारले, पुस्तकी मराठीत. रमिला एकेका शब्दाकडे बघत राहायची आणि मग आपल्या बोलीत लांबलचक काहीतरी सांगायची, हातवारे करून, बरोबर सांगायची. बाईंनी माझ्याकडे बघितलं. "हिला मराठी येत नाही का?" मी म्हणायला हवं होतं की तिला येतं ते मराठी तुम्हाला येत नाही. मी म्हटलं, "थोडं कमी येतं." का म्हटलं कोण जाणे. त्या पांढऱ्या कोटातल्या, शुद्ध बोलणाऱ्या बाईंसमोर मला माझ्याच मुलीची लाज वाटली असेल. आकडा आला अठ्ठ्याहत्तर. अक्षमतेच्या प्रमाणपत्रासाठी कमी, मतिमंद ठरायला जास्त. म्हणजे अडचण आहे, पण कुठल्याच रकान्यात बसत नाही. परतीच्या वाटेवर रमिलाने विचारलं, "ताय, मी पास का?" मी हो म्हटलं.

तुम्ही तो आकडा ऐकून घेतलात आणि म्हणालात, "बरं. आता ते विसर आणि हायस्कूलच्या सरांकडे चल." आपण दोघी गेलो. तुम्ही त्या सरांना सांगितलंत, हिला प्रश्न वाचून दाखवा, उत्तर सांगू द्या, बाकी हिला सगळं येतं. सर फार नम्र होते. त्यांनी चहा मागवला. म्हणाले, "बाई, तुमचा आदर आहे, पण मला काहीतरी कागद द्या. उद्या साहेब आले तर मी काय दाखवू?" तुम्ही चहा न पिता उठलात. मी मात्र तो चहा प्यायले, आणि पिताना मला वाटत होतं, बघा बाई, मी सांगत होते ना? आकड्याशिवाय दार उघडत नाही. तुम्ही हरलात याचा मला त्या क्षणी आनंद झाला होता. हे आज पहिल्यांदा कबूल करते.

आणि मग मी ते केलं.

आठवीच्या वर्षी, दिवाळीच्या आधी तालुक्याला तपासणीचं शिबिर लागलं. मी रमिलाला नेलं. पाण्याच्या टाकीमागे तिला बाजूला घेतलं आणि सांगितलं, जे विचारतील त्याला 'नाही येत' म्हणायचं. येत असलं तरी. ठोकळे जुळवता आले तरी अर्ध्यात सोडायचे. आमच्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक असतं, मधला आकडा म्हणजे मुलाचा खड्डा. वर ढकलता येत नसेल तर खाली ढकला, पण खड्ड्यातून बाहेर काढा. असं करणारी मी पहिली नव्हते. रमिलाने विचारलं, "खोटा सांगू?" मी म्हटलं, "खोटं नाही गं, थोडं कमी." तिला गंमत वाटली. आत जाऊन तिने इतकं चोख काम केलं की काही विचारू नका. मान खाली, आवाज बारीक, प्रत्येक प्रश्नाला "मना नाय येत." सौम्य मतिमंदत्वाचं प्रमाणपत्र मिळालं. बाहेर येऊन मी तिला भजी खाऊ घातली. त्या महिन्याच्या माझ्या अहवालात लाभ मिळवून दिलेल्या मुलांत एकाची भर पडली आणि साहेबांनी बैठकीत माझं नाव घेतलं.

तुम्हाला ते तिनेच सांगितलं. दिवाळीच्या सुट्टीत तुमच्याकडे आली आणि मोठ्या आनंदाने म्हणाली, "बाय, मी एक पण बरोबर नाय सांगला. ताय बोलली तसाच केला." तुम्ही मला फोन केलात. मला वाटलं ओरडाल. तुम्ही एवढंच विचारलंत, "वैशाली, तू त्या पोरीला काय शिकवलंस?" मी भराभर बोलत सुटले. लेखनिक, सवलती, दहावी, कागद. तुम्ही मध्येच फोन ठेवलात. त्यानंतर जवळजवळ वर्षभर आपण कामापुरतं बोललो. तुम्ही माझ्या भेटीच्या वहीत सही करायचात आणि वर्गात निघून जायचात. तुम्हाला माहीत नसेल, त्या वर्षात मी दोनदा तुमच्या तलासरीच्या खोलीच्या जिन्यापर्यंत येऊन परत गेले.

कागदाचा उपयोग झाला नाही असं नाही, बाई. हायस्कूलच्या सरांनी कागद मानला. तिला वेळ जास्त दिला, पेपर सैल तपासले. सगळे तिच्याशी फार चांगले वागले, तिथेच घात झाला. प्रश्न विचारताना शिक्षक तिचा बाक ओलांडून पुढे जायचे. कशाला बिचारीला अडचणीत टाका! मग तिला शेवटच्या बाकावर बसवलं. मग पाण्याचे माठ भरायचं काम तिच्याकडे आलं, कारण तेवढ्याने तिला बरं वाटेल. वर्गातल्या मुलींनी तिच्यासाठी एक नाव काढलं, ते मी इथे लिहिणार नाही. नववीत दिवाळीनंतर तिचं शाळेत जाणं थांबलं. मी घरी गेले तर तिचा बाप अंगणात बसला होता. तो माझ्यावर चिडला नाही. त्याने पत्र्याच्या पेटीतून तो कागद काढून मला दाखवला. "ताय, सरकारनीच लिवून दिलाय ना, पोर येडी हाय म्हणून. मंग शाला कशाला? आईच्या संगती वाडीवर जाल." कागदाखाली शिफारस माझी होती.

त्याच सुमारास भूकंपाचे धक्के सुरू झाले. सगळा तालुका घराबाहेर आला. तुमचीही शाळा पटांगणात, ताडपत्रीच्या मांडवाखाली भरायला लागली. तुम्हाला तेव्हाच दम लागत होता, दोन वाक्यं बोललात की थांबायचात. मी भेटीला आले होते त्या दिवशी जमीन हलली. मुलं ओरडली, खांबाला टांगलेला फळा खाली आला, आणि कळलं तेव्हा आपण दोघी एकमेकींचे हात घट्ट धरून उभ्या होतो. धक्का गेला तरी तुम्ही हात सोडला नाहीत. "जेवलीस का?" तुम्ही विचारलंत. वर्षभराचा अबोला तिथे संपला. मी तेव्हा तुमची माफी मागायला हवी होती. मी म्हटलं, "जेवले."

तुम्ही लगेच कामाला लागलात. रमिलाला निरोप धाडलात, सुट्टी असेल त्या दिवशी ये म्हणून. ती यायची. वाडीवरच्या कामाने हात खरखरीत झालेले, उंच झालेली, ओढणी नीट घेतलेली. तुमचा बेत होता की तिला सगळं वाचून दाखवायचं आणि बाहेरून दहावीला बसवायचं. पहिल्या दिवशी तुम्ही तिला सोपं म्हणून चिंचोके मांडून विचारलंत. पाचवीत ती जे दुसऱ्यांना शिकवत होती, तेच. तिने चिंचोक्यांकडे बघितलंसुद्धा नाही. "मना नाय येत," ती म्हणाली. तुम्ही दुसरं विचारलंत. "मना नाय येत." तिसरं विचारलंत. उद्धटपणे नाही, घाबरून नाही, कुणी नाव विचारल्यावर सांगावं तितक्या सहज. तुम्ही माझ्याकडे वळून बघितलंत. बाई, तुम्ही मला त्या दिवशी चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. मी आजही डोळे मिटले की तुम्ही वळता आणि बघता.

तरी तुम्ही सोडलं नाही. उन्हाळ्यापर्यंत तुम्ही तिला वाचून दाखवत होतात, दम लागला की मला म्हणायचात, तू वाच. मी वाचायची. ती ऐकायची, मान हलवायची, विचारलं की तेच उत्तर. एकदाच, एका धड्यात लेखकाने भात लावणीचा क्रम चुकीचा दिला होता तेव्हा ती पटकन म्हणाली, "असा नाय, आधी चिखल करतात." तुमचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, आली परत. पण पुढचा प्रश्न विचारला आणि ती पुन्हा मिटली. त्या एका वाक्यावर तुम्ही महिनाभर जगलात.

मग तुम्ही निवृत्त झालात, वाढवणला गेलात, अंथरूण धरलंत. मी रविवारी यायची. बाहेर गावात होऊ घातलेल्या बंदराच्या विरोधातल्या मोर्चाची बोलणी चाललेली असायची, तुमचा भाऊ त्यात, आणि आत आपलं वेगळंच भांडण. तुमचं म्हणणं एकच. "जा आणि खरं सांग. मी तिला शिकवून खोटं बोलायला लावलं असं लिहून दे. तो कागद रद्द कर."

"माझं कंत्राट जाईल, बाई."

"जाईल."

"आणि तिला काय मिळेल? पुन्हा तोच मधला आकडा. काहीच नाही मिळणार. निदान या कागदावर दहावीला लेखनिक तरी मिळेल."

तुम्ही श्वास घेतलात. पुरता मिळाला नाही, पुन्हा घेतलात. "लेखनिक मिळेल गं. पण सांगणारी कुठाय आता?"

ते तुमचं माझ्याशी शेवटचं बोलणं. मी रागाने निघून आले. येताना तुमच्या पायाला हात लावायची तोही लावला नाही. आणि आठवडाभर बसून उत्तर शोधलं. अहवालाच्या पाठीमागचे ते दोन मुद्दे तुम्हाला आता सांगते. पहिला, की हा नियम मी केलेला नाही, मग दोष माझा एकटीचा कसा. दुसरा सांगायला लाज वाटते. तुमच्या तीन ओळींतून गेलेली मुलं तरी कुठे पोचली, बाई? तीस वर्षांतली किती दहावी झाली? ती सुंदर अक्षराची मुलगीही आज फुग्यांच्या कारखान्यात आहे. आकडा असो नसो, ओळी असोत नसोत, शेवटी सगळी मजुरांच्या एकाच टेम्पोत चढतात. हे मी तुम्हाला अंथरुणावर ऐकवणार होते. देवाने माझं तोंड वेळेवर बंद केलं. तुम्ही हे ऐकून गेला नाहीत याबद्दल मी कुणाचे आभार मानू ते कळत नाही, पण मानते.

कारण ते खोटं आहे असं मला म्हणता येत नाही, आणि खरं आहे असंही म्हणवत नाही. तुमच्या हाताखालून गेलेली जी जी मुलं मला तेराव्याला भेटली, लांबून दोन गाड्या बदलून आलेली, त्यातलं एकही मान खाली घालून माझ्याशी बोललं नाही. मी पाच वर्षांत कितीतरी मुलांना कागद मिळवून दिले. त्यातलं एकही मला रस्त्यात ओळख देत नाही. तुमच्याकडून मी एवढं तरी शिकायला हवं होतं, आणि तुम्ही ते मला रोज समोर बसवून शिकवत होतात. मला तुमच्यासारखी शिक्षिका मिळाली आणि मी तुमच्याकडून काही न शिकता फक्त भांडले.

आता तुमच्या शाळेत नवीन सर आले आहेत. भले आहेत. व्हरांड्यात बाक आलेत, चाचणीला सगळी मुलं एकाच ओळीत बसतात. मी विचारलं तर म्हणाले, "बाईंची पद्धत छान होती, पण ती बाईंनाच जमायची." त्यांचं काही चुकलं असंही मला म्हणता आलं नाही.

तेरावा झाल्यावर दोन दिवसांनी मी अर्ज लिहिला, बाई. सगळं लिहिलं. टाकीमागे काय सांगितलं तेही. कागद रद्द करा, मुलीची पुन्हा तपासणी करा, असं खाली लिहिलं. आणि तिला आधी सांगावं म्हणून सकाळी लवकर पाड्यावर गेले. रमिला अंगणात कामावर निघायच्या तयारीत उभी होती, कमरेला ओढणी बांधून. तुम्ही गेल्याचं तिला कळलं होतं. वाढवणपर्यंत नेणारं कोणी नव्हतं म्हणून आली नाही, म्हणाली. मी तिला सगळं समजावलं. मागच्या वेळी माझं चुकलं, तुझं नाही. आता हा कागद काढून टाकू. पुन्हा तपासतील.

तिने नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "या टायमाला कसा सांगू, ताय? येतं म्हणून का नाय येत म्हणून?"

"खरं सांग गं. तुला जे येतं ते सांग."

ती विचारात पडली. रुसून नाही, टोमणा म्हणूनही नाही. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. "मना काय येतं?" तिने विचारलं.

रस्त्यावर टेम्पोचा हॉर्न वाजला. तिची आई पुढे गेली. रमिला एक पाय पुढे टाकून थांबली, माझ्या तोंडाकडे बघत, उत्तराची वाट बघत. बाई, तुम्ही असतात तर टेम्पो थांबवून तासभर सांगत राहिला असतात. मी त्या मुलीला पाच वर्षं ओळखते. मी तोंड उघडलं, आणि मला आठवला तो फक्त तिचा आकडा.